शत्रुत्व करणाऱ्या सरकारशी वागायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'शत्रू सरकार' नेमकं कोणाला म्हणायचं?

ज्याच्याशी पटत नाही ते प्रत्येक सरकार शत्रू नसतं. व्यापारात चढाओढ करणारं, संयुक्त राष्ट्रांत आपल्याविरुद्ध मत देणारं, आपल्या कारभारावर तोंडसुख घेणारं सरकार त्रासदायक असेल. पण त्याला परराष्ट्र खात्याचं रोजचं कामकाज पुरतं. आपली जमीन, आपले नागरिक किंवा आपली राज्ययंत्रणा यांना इजा करण्यासाठी जे सरकार पैसा, माणसं किंवा शस्त्रं वापरतं, त्याच्याबद्दलची ही उत्तरं आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट शोधून काढावी लागते: तिथे इजा करण्याचा निर्णय घेतं कोण? राष्ट्राध्यक्ष, लष्कर, गुप्तचर यंत्रणा, की सत्ताधारी पक्षातला एखादा गट? उद्योग लष्कराचे आणि दंड व्यापार मंत्रालयाला, असं झालं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

राग दाखवायचा आहे, पण संबंध तोडायचे नाहीत. मधल्या पायऱ्या कोणत्या?

बऱ्याच आहेत. साधारण चढता क्रम असा: राजदूताला मंत्रालयात बोलावून निषेधाचं पत्र हातात देणं, ठरलेली चर्चेची फेरी रद्द करणं, आपला राजदूत 'सल्लामसलतीसाठी' मायदेशी बोलावणं, लष्करी सल्लागारांना घरी पाठवणं, समोरच्या दूतावासाची कर्मचारीसंख्या घटवायला लावणं, एखादा वाणिज्य दूतावास बंद करणं, राजदूताचं पद रिकामं ठेवून कारभार प्रभारी अधिकाऱ्यावर सोपवणं. संबंध तोडणं ही अगदी वरची पायरी.

भारत आणि पाकिस्तान यांनी यातल्या बहुतेक पायऱ्या वापरल्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारतीय उच्चायुक्तांना परत पाठवलं. जून २०२० मध्ये दोन्हीकडची कर्मचारीसंख्या निम्मी करायचं ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने संरक्षण सल्लागार काढून घेतले आणि संख्या ५५ वरून ३० वर आणली. एवढं होऊनही उच्चायुक्तालयांना टाळं लागलं नाही, आणि ते योग्यच झालं.

नेहमी होणारी चूक म्हणजे पहिल्याच आगळिकीला शेवटची पायरी गाठणं. टाळ्या मिळतात, पण पुढच्या आगळिकीला हातात काही उरत नाही. 'सल्लामसलतीसाठी बोलावलं' या शब्दांची गंमत अशी, की त्यांना मुदत नसते. वातावरण निवळलं की राजदूत गाजावाजा न करता परत जातो आणि कोणालाही माघार घेतल्यासारखं वाटत नाही. उतरता येईल अशीच पायरी आधी चढावी.

अधिकाऱ्यांची हकालपट्टी करताना आकडा कसा ठरवतात?

कायद्याने यात अडचण नाही. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ९ नुसार कोणत्याही परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याला केव्हाही 'नकोशी व्यक्ती' ठरवता येतं, आणि कारण सांगण्याचं बंधन नाही. अडचण येते ती हिशेबात.

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत एका माजी रशियन हेरावर झालेल्या विषप्रयोगानंतर ब्रिटनने २३ रशियन अधिकाऱ्यांना आठवडाभरात देश सोडायला सांगितलं. रशियाने २३ ब्रिटिश अधिकारी घालवले, वर ब्रिटिश कौन्सिलचं काम आणि सेंट पीटर्सबर्गमधला ब्रिटिश वाणिज्य दूतावास बंद केला. अमेरिकेने ६० जणांना काढून सिएटलचा रशियन वाणिज्य दूतावास बंद केला, तर उत्तरात ६० अमेरिकन गेले आणि सेंट पीटर्सबर्गमधलाच अमेरिकन वाणिज्य दूतावास गेला. तेव्हा यादी करण्याआधी आपली तिकडची माणसं मोजा. त्यांचे आपल्याकडे १२० आणि आपले तिकडे ४० असतील, तर वीसास वीस या हिशेबात त्यांचा सहावा भाग जातो आणि आपला निम्मा दूतावास रिकामा होतो. मग व्हिसाची खिडकी आणि तुरुंगातल्या नागरिकांच्या भेटी हीच कामं आधी बंद पडतात.

दुसरं म्हणजे, ओळखीचा हेर घालवला की त्याच्या जागी अनोळखी हेर येतो. १९७१ मध्ये ब्रिटनने १०५ सोव्हिएत अधिकाऱ्यांना घालवलं किंवा परत येऊ दिलं नाही, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागा पुन्हा भरता येणार नाहीत अशी अटही घातली. नुकसान खरं झालं ते या अटीमुळे.

दूतावासातूनच गुन्हा घडला तर पोलिस आत शिरू शकतात?

नाही. त्याच १९६१ च्या कराराच्या कलम २२ नुसार परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, आणि त्याला अपवाद नाही. १७ एप्रिल १९८४ रोजी लंडनमधल्या लिबियाच्या दूतावासाच्या खिडकीतून बाहेरच्या निदर्शकांवर गोळीबार झाला आणि बंदोबस्तावरची एक पोलिस शिपाई मारली गेली. पोलिसांनी इमारतीला वेढा दिला, पण उंबरा ओलांडला नाही. २२ एप्रिलला ब्रिटनने संबंध तोडले. २७ एप्रिलला आतले सगळे राजनैतिक संरक्षणात बाहेर पडून मायदेशी गेले. गोळी झाडणाराही त्यांच्यातच होता.

संतापजनक वाटतं खरं. पण त्याच दिवसांत त्रिपोलीत ब्रिटनचे कर्मचारीही होते. हा नियम आपण मोडला की आपल्या लोकांवरचं छप्परही उडतं.

संबंध तुटले तर तिकडे अडकलेल्या नागरिकांचं काय?

राजनैतिक संबंध तुटले म्हणजे वाणिज्य दूतावासाचे संबंध आपोआप तुटत नाहीत. १९६३ च्या दुसऱ्या व्हिएन्ना करारात हे स्पष्ट लिहिलं आहे. तेही तुटले, तर दोन्ही देशांना चालेल असा तिसरा देश आपलं काम पाहू शकतो. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम १९८० पासून स्वित्झर्लंड पाहतो. वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम पाकिस्तानच्या दूतावासातून चालतं.

अशा देशाशी बोलणी संबंध तोडण्याआधी उरकायला हवीत. इमारतीच्या किल्ल्या, गाड्या, पासपोर्टचे कोरे साठे, स्थानिक कर्मचाऱ्यांचे पगार आणि तुरुंगातल्या नागरिकांची यादी, हे सगळं कोणाच्या ताब्यात जाणार ते आधी लिहून ठेवावं लागतं. घाईत दूतावास रिकामा झाला की सगळ्यात आधी हरवते ती ही यादी.

अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधता येतो, आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगावा लागतो (कलम ३६). कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारताने पाकिस्तानविरुद्ध केलेल्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी याच कलमाचा भंग झाल्याचा निकाल दिला. सुटकेचा आदेश मात्र मिळाला नाही. मिळाला तो शिक्षेच्या फेरविचाराचा. कज्जा जिंकला तरी पुढची वाट वाटाघाटींचीच असते.

शत्रूशी बोलणं म्हणजे त्याला मान देणं नाही का?

हा समज सगळ्यात महाग पडतो. अमेरिकेने चीनच्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिलेली नव्हती, तरी १९५५ ते १९७० या काळात दोघांचे राजदूत आधी जिनिव्हात आणि नंतर वॉर्सात १३६ वेळा समोरासमोर बसले. बहुतेक बैठकांतून काही निघालं नाही. पण दोन्हीकडे एकमेकांचे शब्द समजणारी माणसं तयार झाली.

बोलणं आणि सवलत देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मान जातो तो शिखर परिषदेच्या छायाचित्रातून. तेव्हा तेवढं छायाचित्र राखून ठेवावं, फोन कापू नये.

हॉटलाइन म्हणजे लाल फोन ना? तिचा खरंच उपयोग होतो?

लाल फोन सिनेमातला. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली हॉटलाइन ३० ऑगस्ट १९६३ रोजी सुरू झाली ती टेलिप्रिंटरवर. मुद्दाम लेखी. आवाजात चढउतार असतो, दुभाषा घाई करतो, समोरचा तिथल्या तिथे उत्तर मागतो. कागदावर आलेला मजकूर चार जण वाचू शकतात. प्रत्येकाने आपापल्या भाषेत पाठवायचं, भाषांतर घेणाऱ्याने करायचं.

तिची गरज आदल्या वर्षी क्युबाच्या पेचात कळली होती. दोन्ही महासत्ता अण्वस्त्रांच्या तोंडाशी उभ्या, आणि वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत दूतावासाची सांकेतिक तार न्यायला तार कंपनीचा पोरगा सायकलवरून यायचा. तशी आठवण राजदूत दोब्रिनिन यांनीच लिहून ठेवली आहे. वेळ वाचावा म्हणून २८ ऑक्टोबर १९६२ ला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा निर्णय थेट मॉस्को रेडिओवरून वाचायला लावला.

आपल्या उपखंडात हेच काम लष्करी कारवाई महासंचालकांची, म्हणजे डीजीएमओंची, लाइन करते. भारत सरकारने सांगितल्याप्रमाणे १० मे २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी या लाइनवर फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून दोन्हीकडून कारवाई थांबवायचं ठरलं. उलट उदाहरणही आहे. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडलं. भारताचं जाहीर निवेदन आलं ११ मार्चला. अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये दोन दिवस हा फार मोठा काळ आहे.

चालू हॉटलाइनसाठी तीन गोष्टी लागतात: दोन्ही टोकांना चोवीस तास माणूस, ठरावीक वेळाने चाचणीचा संदेश, आणि त्या माणसाला वरच्याला झोपेतून उठवण्याचा अधिकार. तिसरी नसेल तर पहिल्या दोन असून नसल्यासारख्या.

गुप्त वाटाघाटी करायच्या तर कशा?

ताकाला जाऊन भांडं लपवणं इथे चालतं, नव्हे, इथे तेच करावं लागतं. उघड चर्चेत प्रत्येक जण आपल्या घरच्या प्रेक्षकांसाठी बोलतो. जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर असताना अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांचं पोट बिघडल्याचं जाहीर झालं आणि ते गुपचूप चीनच्या राजधानीत, पेकिंगला (आजच्या बीजिंगला) जाऊन आले. २०१२-१३ मध्ये अमेरिका आणि इराण यांच्या अधिकाऱ्यांनी ओमानमध्ये अशाच भेटी घेतल्या. त्यातून नोव्हेंबर २०१३ चा जिनिव्हातला अंतरिम करार झाला.

पाठवायचा माणूस नेत्याच्या थेट विश्वासातला हवा, पण त्याच्या नावाची बातमी होता कामा नये. पहिल्या भेटीत मागण्या मांडू नयेत. समोरच्याला खरंच अधिकार आहे का, एवढंच तपासावं. त्यासाठी छोटी परीक्षा असते: एक कैदी सोडा, एक जहाज जाऊ द्या, अमुक दिवशी रेडिओवरचा प्रचार बंद ठेवा. ती पाळली गेली तरच पुढे जायचं.

आणि मित्रदेशांना शेवटच्या क्षणी सांगू नका. निक्सन यांनी १५ जुलै १९७१ ला चीनभेटीची घोषणा केली, तेव्हा जपानला ती अगदी थोडा वेळ आधी कळली. त्याचा कडवटपणा बराच काळ राहिला.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मग निर्बंध का फसतात?

नाक भलत्याचंच दाबलं जातं म्हणून. ऑगस्ट १९९० मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ ने इराकवर जवळजवळ संपूर्ण नाकेबंदी लादली. पैसा आटला तो सामान्य माणसाचा. उलट रेशनची सगळी व्यवस्था सरकारच्या हाती असल्याने लोक सरकारवर जास्तच अवलंबून झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढे तेलाच्या बदल्यात अन्नाची योजना आली, तर तिच्या कंत्राटांतून राजवटीने चोरवाटेने पैसे काढले. तेव्हापासून सरसकट नाकेबंदीऐवजी ठरावीक व्यक्ती, बँका, कंपन्या आणि वस्तू यांच्यावरच निर्बंध घालण्याकडे कल आहे.

मागणी छोटी आणि तपासता येण्याजोगी असेल तर निर्बंध कामाला येतात. १९९२ मध्ये लिबियावर निर्बंध आले ते लॉकरबी विमानस्फोटातल्या दोन संशयितांना ताब्यात द्या म्हणून. एप्रिल १९९९ मध्ये दोघे ताब्यात आले, निर्बंध स्थगित झाले, आणि भरपाईचं ठरल्यावर २००३ मध्ये उठले. सात वर्षं लागली, पण काय केलं की सुटका होईल हे त्रिपोलीला ठाऊक होतं. क्युबावर अमेरिकेची नाकेबंदी १९६२ पासून आहे. 'तुमची राजवटच नको' ही मागणी कोणती राजवट मान्य करेल?

निर्बंध आखताना काय काय ठरवावं लागतं?

१. कोणतं वर्तन बदलायला हवं, ते एका वाक्यात.

२. ते बदललं हे कोण आणि कशावरून ठरवणार.

३. आपलं स्वतःचं किती नुकसान होणार, आणि ते आपल्याकडे कोणाच्या माथी येणार.

४. तोच माल विकणारा दुसरा देश सोबत आहे का. नसेल तर आपण फक्त गिऱ्हाईक गमावतो.

५. चालू करार गुंडाळायला किती दिवसांची मुदत. ती दिली नाही तर आपल्याच कंपन्या कोर्टात जातात.

६. औषधं आणि धान्याचे पैसे कोणत्या बँकेतून जाणार, तिचं नाव.

७. यादीतून नाव काढायची पद्धत.

सहावा मुद्दा बहुतेकांना किरकोळ वाटतो, आणि माणसं मरतात ती तिथेच. औषधांना कागदोपत्री सूट असते. पण दंडाच्या धाकाने बँका त्या देशाचं नाव दिसलं की व्यवहारच नाकारतात. विमा मिळत नाही, जहाज मिळत नाही. यासाठीच डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ करून मालमत्ता गोठवण्याच्या आपल्या सर्व निर्बंधांतून मदतकार्याला सरसकट सूट दिली.

गळती धरूनच चला. माल तिसऱ्या देशातून फिरून जातो, टँकर आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करून भर समुद्रात दुसऱ्या जहाजात तेल उतरवतो, कंपनी रातोरात नाव बदलते. यादी दर काही महिन्यांनी नवी केली नाही तर ती शोभेपुरती उरते.

निर्बंध उठवणं इतकं अवघड का?

लादायला एक सही पुरते, उठवायला राजकीय धैर्य लागतं. सोव्हिएत संघातून ज्यूंना बाहेर पडू द्यावं म्हणून अमेरिकेने १९७४ च्या व्यापार कायद्यात जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती घातली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही आणि ज्यू मोकळेपणाने बाहेर पडत होते. रशियाच्या बाबतीत ती दुरुस्ती रद्द झाली डिसेंबर २०१२ मध्ये. समोरच्याने मागणी मान्य करूनही शिक्षा चालू राहते असं दिसलं, की पुढच्या खेपेला तो मान्य कशाला करेल? त्यामुळे कायद्यातच मुदत घालून दर वर्षी नव्याने मंजुरी घ्यावी लागेल अशी सोय करणं बरं.

गोठवलेला पैसा सरळ जप्त का करू नये?

गोठवलेला पैसा हा हातातला हुकमाचा पत्ता आहे. जप्त केला की तो खेळून झाला. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानचा अमेरिकन दूतावास ताब्यात घेतला गेल्यावर अमेरिकेने इराणची अब्जावधी डॉलरची मालमत्ता गोठवली. ४४४ दिवसांनी, अल्जीरियाच्या मध्यस्थीने, ५२ ओलिसांची सुटका झाली त्या सौद्यात हा पैसा मोकळा करणं हा मोठा भाग होता. जप्त केला असता तर सौदा कशावर केला असता?

२०२२ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, त्यातली बरीचशी बेल्जियममधल्या युरोक्लिअर या संस्थेत आहे. मुद्दल घ्यायचं की नुसतं त्यावरचं उत्पन्न वापरायचं, यावर युरोपात इतका वाद झाला तो याचसाठी, आणि उद्या इतर देश आपली ठेव तिथे ठेवतील का, या धास्तीपोटी.

आपल्याच व्यापाराचा गळा धरला तर?

आधी नुकसान मोजा, मग ओरडा. मे २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ८०.५ टक्के कर लावला. ऑस्ट्रेलियाने धोरण बदललं नाही, जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि दरम्यान दुसरी गिऱ्हाइकं शोधली. ऑगस्ट २०२३ मध्ये कर उठला. २०१० मध्ये दुर्मिळ मृदा धातूंचा पुरवठा अडल्यावर जपानने ऑस्ट्रेलियातल्या खाणींत पैसा घातला, साठे केले, वापर कमी केला.

खरी तयारी शांततेतच करायची असते. कोणता कच्चा माल निम्म्याहून जास्त एकाच देशातून येतो, त्याला पर्याय उभा राहायला किती महिने लागतील, तेवढे महिने पुरेल इतका साठा आहे का?

'लाल रेषा' जाहीर करावी का?

ओलांडली तर काय करणार हे आधी ठरलेलं असेल, आणि ते करायची तयारी असेल, तरच. ऑगस्ट २०१२ मध्ये ओबामांनी सीरियाच्या रासायनिक अस्त्रांबाबत अशी रेषा आखली. वर्षभराने दमास्कसजवळच्या घूतामध्ये ती ओलांडली गेली, तेव्हा हल्ला झाला नाही. रशियाबरोबर समझोता होऊन जाहीर केलेली सुमारे १,३०० टन रसायनं देशाबाहेर गेली. हे यश लहान नव्हतं, पण २०१७ मध्ये सरीन हा विषारी वायू पुन्हा वापरला गेला. इशारा बंद दाराआड, लेखी आणि मोजक्या शब्दांत दिला तर समोरच्याला अब्रू राखून मागे फिरता येतं. सभेत दिलेला इशारा दोघांनाही बांधतो.

मग ती राजवटच बदलून टाकली तर?

२००३ चा इराक आणि २०११ चा लिबिया पाहा. राजवट काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गेली. पगार देणारं, कोठारं राखणारं, सीमा सांभाळणारं कोणी उरलं नाही. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये स्वतःहून अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडला होता. आठ वर्षांनी तिथले नेते गद्दाफी मारले गेले, ते उत्तर कोरियाने नीट पाहिलं आहे.

विरोधकांना 'खरं सरकार' म्हणून मान्यता देणं हा स्वस्त मार्ग वाटतो. २०१९ मध्ये पन्नासहून अधिक देशांनी व्हेनेझुएलाच्या विरोधी नेत्याला तशी मान्यता दिली. लष्कर, बंदरं, पासपोर्ट कार्यालयं राष्ट्राध्यक्ष मदुरो यांच्याकडेच राहिली. विरोधकांनीच २०२२ च्या अखेरीस ते हंगामी सरकार विसर्जित केलं. सत्ता ज्याच्या हाती आहे, कैदी त्याच्याच तुरुंगात असतात. बोलावं लागतं त्याच्याशीच.

सायबर हल्ल्याला उत्तर सायबर हल्ल्यानेच द्यावं लागतं का?

नाही. आधी पुरावा पक्का करा आणि मित्रदेशांबरोबर एकाच दिवशी नाव घ्या. जून २०१७ च्या नॉटपेट्या या संगणक व्हायरसच्या हल्ल्यासाठी ब्रिटन, अमेरिका आणि इतरांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियाचं नाव तसंच घेतलं. त्यानंतर खटला, निर्बंध किंवा हकालपट्टी. आपलं सायबर हत्यार वापरलं की ते समोरच्याच्या अभ्यासाला मोकळं होतं.

ज्याच्यावर विश्वासच नाही, त्याच्याशी छोटे करार कशाला करायचे?

कारण त्यांना विश्वास लागत नाही, फक्त तारीख लागते. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी समुद्रात एकमेकांच्या युद्धनौकांनी कसं वागायचं याचा करार केला: किती जवळ यायचं नाही, कोणत्या खुणा करायच्या, दुसऱ्याच्या जहाजावर तोफा रोखून खोटा हल्ला करायचा नाही. शीतयुद्ध संपलं नाही, पण टकरी कमी झाल्या.

भारत आणि पाकिस्तान यांनी बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी किमान तीन दिवस कळवायचं २००५ मध्ये ठरवलं. अण्वस्त्र आस्थापनांवर हल्ला न करण्याचा त्यांचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला नवी दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी या आस्थापनांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही त्या दिल्या गेल्या, बालाकोटनंतरच्याही. त्याच दिवशी, आणि पुन्हा १ जुलैला, तुरुंगातल्या एकमेकांच्या नागरिकांच्या आणि मच्छीमारांच्या याद्याही हातोहात जातात.